कुणाच्या हातचं पाणी?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत भूगोल शिकवला. नदी शिकवायची असली की ते नकाशा गुंडाळून ठेवत आणि वर्गाकडून गावं म्हणून घेत. सावित्री क्षेत्र महाबळेश्वरला निघते, घाट उतरून पोलादपूरला येते, महाडजवळ काळ आणि गांधारी या नद्या पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. हाच धडा आज मी पुन्हा म्हणणार आहे. विषय बाप्तिस्म्याचा आहे, पण या नदीच्या काठानं गेल्याशिवाय तो मला नीट सांगता येणार नाही.

एक प्रश्न मला जन्मभर दोन बाजूंनी विचारला गेला. बाहेरचे मित्र म्हणतात, येशूला मानता ना, मग डोक्यावर पाणी घ्यायची काय गरज? देव पाण्यात अडकलाय का? आमच्या मंडळीतली तरुण मुलं तेच वेगळ्या शब्दांत विचारतात: मनात विश्वास आहे, रोज प्रार्थना करतो, मग बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घ्यायला हवा. पण तो कशासाठी, हे महाडमध्ये उभं राहून सांगायचं तर पुस्तकी उत्तर पुरत नाही. इथल्या पाण्याला इतिहास आहे, आणि तो ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी अंगावर झेललेला आहे.

आधी शब्द पाहू. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणं, बुचकळणं. रंगारी कापड रंगात बुचकळतो, त्या क्रियेशी या शब्दाचं नातं आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी तो शब्द जवळजवळ तसाच ठेवला आणि ‘बाप्तिस्मा’ रूढ झाला. वसईकडचे कॅथलिक ‘स्नानसंस्कार’ म्हणतात. हा शब्द कानाला गोड आहे, आपल्या मातीतला आहे. तरी त्यात एक अडचण आहे. स्नान आपलं आपण करायचं असतं. चंद्रभागेत वारकरी स्वतः बुडी मारतो, ग्रहण सुटल्यावर आपण आपल्या हातानं डोक्यावर तांब्या ओततो. यहुदी लोकांतही शुद्धीचं स्नान ज्याचं त्यानं करायचं असे. यार्देन नदीच्या काठी योहान उभा राहिला आणि तिथं एक नवी गोष्ट घडली. तो दुसऱ्यांना पाण्यात घालू लागला. तेव्हापासून आजतागायत ख्रिस्ती जगात कोणीही स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करू शकत नाही. बिशपही नाही, पोपही नाही. तो दुसऱ्याच्या हातूनच घ्यावा लागतो.

‘कुणाच्या हातचं पाणी’ या प्रश्नावर या देशात माणसांची उतरंड रचली गेली. आणि ख्रिस्ती धर्माचं दार म्हणून जी गोष्ट ठेवलेली आहे ती नेमकी हीच: दुसऱ्याच्या हातचं पाणी घे. या योगायोगाचा मी वर्षानुवर्षं विचार करतो आहे.

येशू यार्देनवर आला तेव्हा योहानानं त्याला थांबवलं, असं मत्तय सांगतो. बाप्तिस्मा पश्चात्तापाचा होता. ज्याच्या ठायी पाप नाही त्यानं तो कशाला घ्यायचा? येशूनं ऐकलं नाही. जकातदार, शिपाई, बदनाम माणसं जिथं उभी होती त्याच रांगेत तो उभा राहिला, आणि ज्या पाण्यात ती उतरली त्याच पाण्यात उतरला. आरंभीच्या धर्मपुरुषांनी यावर फार सुंदर लिहून ठेवलं आहे: त्याला पाण्यानं शुद्ध केलं नाही, त्यानं पाणी पवित्र केलं. मला त्याहून साधी गोष्ट दिसते. आपलं अंग वेगळं ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

पौल पुढं आणखी खोल जातो. रोमच्या मंडळीला तो सांगतो की बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात वर येणं. इतर ठिकाणी हे समजावून सांगताना वक्त्याला कष्ट पडतात, महाडमध्ये नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला याच गावात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं, आणि त्याच दिवशी तळिये गावात दरड कोसळली. पाण्याला मरणाची बाजू असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बाप्तिस्म्याच्या प्रार्थनांत नोहाचा प्रलय येतो, तांबडा समुद्र येतो, ते यासाठीच. जुना माणूस बुडतो आणि जो वर येतो त्याचं कूळ बदललेलं असतं. गलतीकरांना लिहिताना पौल या कुळाचं वर्णन करतो: बाप्तिस्मा घेतलेल्यांत यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही.

पाणी किती असावं यावर आमच्यात भांडणं झाली, अजून होतात. कोणी शिंपडतात, कोणी ओततात, कोणी पूर्ण बुडवतात. एका मंडळीतून दुसरीत गेलेल्या माणसाला ‘तुमचा बाप्तिस्मा खरा नव्हता, पुन्हा घ्या’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं. ‘दिदाखे’ नावाची अगदी आरंभीच्या काळातली पुस्तिका याबाबत फार समजूतदार आहे. वाहतं पाणी असेल तर वाहत्या पाण्यात, नसेल तर मिळेल त्या पाण्यात, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं, असा तिचा सल्ला आहे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथल्या माणसाला हा सल्ला लगेच पटेल.

तान्ह्या मुलांना द्यावा की कळत्या वयात घ्यावा, हा दुसरा वाद. मला स्वतःला तान्हेपणी मिळाला. आईच्या मांडीवर होतो, आठवण काहीच नाही. लहान होतो तेव्हा याची खंत वाटायची, आता वाटत नाही. नावही मी निवडलं नव्हतं, मराठी भाषाही नाही. तरी ज्यांनी विचारपूर्वक, मोठेपणी पाण्यात पाऊल टाकलं त्यांच्यासमोर मी आदरानं उभा राहतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा बालबाप्तिस्मा देणारे आणि न देणारे असे दोन्ही प्रवाह तीत एकत्र आले आणि दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. हे शहाणपण मराठी मुलखात झालं, याचा मला अभिमान आहे.

आता गरजेचा प्रश्न. पाण्यानं आणि आत्म्यानं जन्मल्यावाचून देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असं येशू निकदेमाला सांगतो. सगळ्या राष्ट्रांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, ही त्याची शेवटची आज्ञा. इथवर गोष्ट स्वच्छ आहे. पण वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला त्यानं सुखलोकाचं वचन दिलं, आणि त्या चोराला कुठला बाप्तिस्मा मिळणार होता? पौल करिंथकरांना सांगतो की ख्रिस्तानं आपल्याला बाप्तिस्मा द्यायला पाठवलं नाही, सुवार्ता सांगायला पाठवलं. कॅथलिक धर्मशिक्षणात तर हे स्पष्टच आहे: देवानं तारण या संस्काराशी बांधलं, पण तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. मरणाच्या दारातल्या माणसाला, योग्य हेतू असेल तर, स्वतः बाप्तिस्मा न घेतलेली व्यक्तीही बाप्तिस्मा देऊ शकते. गावची सुईणही देऊ शकते. आणि १८८२ मध्ये मुंबईत उतरलेली, पुढं नगर जिल्ह्यात रुजलेली मुक्तिफौज पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. तिच्या लोकांची श्रद्धा आणि सेवा कोणाहून उणी आहे, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

मग माणसाला त्याची गरज का? प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. कर्नेल्य नावाचा रोमी शतपती, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, ज्याच्या घरात पाऊल टाकू नये असा. पेत्र त्याच्या घरी जातो. बोलता बोलता घरातल्या लोकांवर पवित्र आत्मा उतरतो. पाणी अजून आलेलंच नाही, देवानं आधीच येऊन काम केलेलं आहे. आपल्या तर्कानं इथं बाप्तिस्म्याची गरज संपली. पेत्राचा तर्क उलटा चालतो. देवानं यांना स्वीकारलं, तर आता यांना पाणी नाकारणारे आपण कोण, असं तो सोबतच्या यहुद्यांना विचारतो. मला वाटतं गरजेचं कोडं इथं सुटतं. देवाला पाण्याची गरज नव्हती. पेत्राला होती आणि कर्नेल्याला होती, कारण त्या दोघांमध्ये भिंत होती आणि ती मनातल्या मनात पडणारी नव्हती. ती पडायला एकाचा हात आणि दुसऱ्याचं डोकं लागत होतं, आणि मध्ये पाणी.

आता पुन्हा नदीवर येऊ.

इंग्रजांच्या मुंबई सरकारनं नुकत्याच जिंकलेल्या पुण्यात मिशनऱ्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून स्कॉटिश मिशनरी सोसायटीनं सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला बस्तान मांडलं. डोनाल्ड मिचेल हे त्यांचे पहिले मिशनरी. आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात होते, नंतर धर्मसेवेकडे वळले. १८२३ मध्ये ते आले आणि त्याच वर्षी पोलादपूरला वारले. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले तेव्हा मराठीचे धडे त्यांनी बाणकोट-हर्णैकडेच गिरवले. या किनाऱ्यावर शाळा निघाल्या, मुलं शिकली, पुस्तकं वाचली गेली. पण पाण्यापर्यंत आलेली माणसं फार थोडी. याचं कारण लोक मंद होते किंवा उपदेश कमी पडला, असं मला वाटत नाही. ऐकण्यानं जात जात नव्हती, वाचण्यानं जात नव्हती, वादानंही नव्हती. याच मुलखातल्या शिरवलीत जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते, आणि त्या वादांना गर्दी लोटत होती. वाद दोन्ही बाजूंना परवडत होता. पाणी परवडत नव्हतं.

पाण्याची किंमत काय होती हे आपल्याला नेमकं कळतं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आणि लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातून. टिळक करजगावचे, म्हणजे कोकणातलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तोही भारतीय पाळकाच्या हातून. त्या दिवसापासून घर फुटलं. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं माहेरच्या माणसांत राहिल्या, पुढं नवऱ्याजवळ आल्या, पण स्वयंपाक आणि पाणी वेगळं ठेवूनच. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्यांचा तो झगडा आठवत असेल. तो झगडा ज्या ठिकाणी निकालात निघाला ते ठिकाण महाबळेश्वर. जातीभेद देवानं केलेला नाही, माणसानं केलेला आहे, हे तिथं त्यांना एकाएकी लख्ख दिसलं, आणि त्यांनी ठरवलं की यापुढं कुणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० च्या सुमारास झाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. त्यांच्या मनानं आधी माणसांच्या हातचं पाणी घेतलं आणि मग मंडळीत डोक्यावर पाणी घेतलं. सावित्री जिथं उगम पावते त्या डोंगरावर हे घडलं.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं, मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि इकडे मराठी समाज हादरला. आश्रय देणाऱ्या भगिनींच्या प्रत्येक मताला त्यांनी मान डोलावली नाही. आपण ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आलो आहोत, कुठल्या एका पंथाच्या ताब्यात नाही, असा त्यांचा आग्रह होता. पुढं केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींचे बाप्तिस्मे भीमेच्या पात्रात झाले. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या त्या मुली. ज्यांची सावलीही शुभकार्यात नको होती, त्या नदीत उतरून नाव घेऊन वर आल्या.

आणि आता महाड. इथं मला जपून बोलायचं आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा बाप्तिस्मा नव्हता आणि त्यावर ख्रिस्ती माणसानं हक्क सांगू नये. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला बुद्धाचा मार्ग घेतला, तोही पूर्ण विचारांती. मी फक्त साक्षीदार म्हणून बोलतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केलं, पण कागदानं पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी घेतलं, आणि मागोमाग हजारो माणसांनी घेतलं. त्यानंतर मारहाण झाली. मग तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी १०८ घागरी उपसून पंचगव्य ओतलं गेलं. तळ्याच्या दाव्यात कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडलं.

यार्देन आणि चवदार तळं शेजारी ठेवून पाहा. एका ठिकाणी निर्मळ मनुष्य विटाळलेल्यांच्या पाण्यात उतरला. दुसऱ्या ठिकाणी माणसांचा स्पर्श झाला म्हणून पाणीच धुऊन काढलं. ज्यानं बाप्तिस्मा घेतला आहे त्यानं या दोहोंपैकी कुठं उभं राहायचं हे त्याला विचारावंसुद्धा लागू नये. पण विचारावं लागतं, आणि ते कबूल करायला हवं. गोव्यात बाप्तिस्मे झाले आणि बंधुसंघ जातीजातींचे राहिले. देशावर महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकमेकांच्या हातचं घेत नाहीत, ही तक्रार जुन्या मिशनऱ्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येते. तीनदा डोक्यावर ओतलेलं पाणी घरच्या माठापर्यंत पोचलं नाही. माझं मत कठोर वाटेल, पण मांडतो: ज्या मंडळीत हे चालतं तिनं आपला बाप्तिस्मा स्वतः खोटा पाडला आहे.

कोकणात एक लोककथा सर्वदूर सांगतात. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेलं गाव बाटलं. खरंखोटं बाजूला ठेवा. या कथेत बाटवणारा परका आहे, पण बाटलेल्याला परत घरात न घेणारे आपलेच आहेत. ख्रिस्ती श्रद्धेत असला बाप्तिस्मा होऊच शकत नाही. न कळत पोटात गेलेलं पाणी, धाक दाखवून डोक्यावर ओतलेलं पाणी हे नुसतं पाणी. गोव्यात जिथं राजसत्तेच्या जोरावर असं केलं गेलं, तिथं तो ख्रिस्ताचाच अपमान होता.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण प्रश्न विचारणारी मुलं खरी तिथंच अडलेली असतात. धर्म सोडला म्हणून वारसा जाणार नाही, हे १८५० च्या कायद्यानं ठरलं. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमानांना अजून नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात बालपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद विचारात घेऊन अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. थोडक्यात, ज्या पाण्यानं भेद बुडायचा त्याचीच नोंद आज कागदावर माणसाची सवलत बुडवते. बाप्तिस्मा न घेता काठावर थांबलेल्या माणसाला भित्रा म्हणण्याआधी, त्याच्या घरात शिकणारी मुलं किती आहेत हे पाहावं.

अशा एका बाईंविषयी सांगून थांबतो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणाऱ्या काकू. तीसेक वर्षं त्या उपासनेला येत होत्या. दाराजवळच्या चटईवर बसायच्या, शुभवर्तमान चष्मा लावून अक्षर अक्षर जुळवत वाचायच्या. प्रभुभोजनाची थाळी आली की मान खाली घालायच्या. मुलांच्या नोकऱ्यांसाठी त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि हे त्यांनी कोणापासून लपवलं नाही. त्या गेल्या तेव्हा मुलांनी मंडळीला निरोप पाठवला. जबाबदार माणसांनी सांगितलं, बाप्तिस्मा नाही, दफनभूमीत जागा देता येणार नाही, प्रार्थनाही नको. मी त्या बैठकीत होतो. कर्नेल्याची गोष्ट मला तेव्हाही पाठ होती. मी बोललो नाही. मुलांनी सावित्रीच्या काठी अग्नी दिला. मी लांब, रस्त्याच्या कडेला उभा होतो आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होतो. ती मोठ्यानं म्हणायला हवी होती.

बाप्तिस्मा घ्यायलाच हवा, हे मी आजही सांगेन. ज्याला घेता येतो त्यानं टाळू नये. मनातला विश्वास दुसऱ्याच्या हाताखाली मान वाकवल्याशिवाय पुरा होत नाही. आणि टिळकांची एक गोष्ट सोबत सांगेन. ज्यांनी आपल्या बाप्तिस्म्याची किंमत संसारानं मोजली, त्यांनीच १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी.

म्हणून माझ्या ख्रिस्ती भावंडांना आज एवढीच विनंती आहे. येशूनं याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं होतं, जिच्या भांड्याला यहुदी हात लावत नसत. तुमच्या मंडळीत कोणी दाराजवळच्या चटईवर बसत असेल, तर येत्या रविवारी उपासना संपल्यावर त्यांच्या घरी जा. बाप्तिस्म्याचा विषय काढू नका. पाणी मागा, आणि त्यांच्या हातचं प्या.